बाबांची सही

आमच्या घरी जुलै महिना दोन गोष्टींचा. एक पाऊस आणि दुसरी बाबांची कराची फाईल. शहापुरातल्या आमच्या गल्लीत पाण्याचे पाट वाहू लागले की बाबा कपाटातून निळी फाईल काढायचे, चष्मा धोतराच्या सोग्याने पुसायचे आणि जेवणाच्या टेबलावर ठाण मांडायचे. एका बाजूला पेन्शनचे कागद, दुसऱ्या बाजूला ठेवींच्या व्याजाची पत्रे आणि मधोमध चेकबुक. त्या दिवशी टेबलावर ताट ठेवायची कुणाची टाप नसे. आमची जेवणे स्वयंपाकघरात, पाटावर.

बाबा हायस्कूलचे मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. कर भरताना लोक जशी कुरकुर करतात तशी त्यांनी कधी केली नाही. "पगार सरकारने दिला, पेन्शन सरकार देतं. त्यातलं चार आणे परत मागितले तर बिघडलं कुठं?" हे त्यांचे म्हणणे. विजेचे बिल, फोनचे बिल मी मोबाइलवरून भरतो त्याला त्यांची हरकत नव्हती. आयकर मात्र स्वतःच्या चेकने, स्वतःच्या सहीने. "बिल कुणीही भरावं. कर ज्याचा त्याने भरावा," असे ते म्हणत.

ही गोष्ट 2023 सालच्या जुलैची. बाबांना तेव्हा ब्याऐंशीवे चालू होते.

हिशेब त्यांनी नेहमीप्रमाणे स्वतःच मांडला. पेन्शन वर्षाचे पाच लाख चाळीस हजार. व्याज दीड लाख. ठेवी चार ठिकाणी वाटलेल्या, त्यामुळे एकाही ठिकाणी व्याज पन्नास हजारांवर गेले नाही आणि कुणीही कर कापून घेतला नाही. पेन्शन देणाऱ्या बँकेच्या हिशेबीही उत्पन्न पाच लाखांच्या आत, म्हणून तिनेही काही कापले नाही. पण सगळे एकत्र केले की बेरीज सहा लाख नव्वद हजार. त्यातून पेन्शनरांची पन्नास हजारांची सरसकट वजावट गेली, ज्येष्ठांना व्याजावर मिळणारी पन्नास हजारांची सूट गेली, राहिले पाच लाख नव्वद हजार. ऐंशी वर्षांवरच्यांना जुन्या पद्धतीत पाच लाखांपर्यंत कर नव्हता. वरच्या नव्वद हजारांवर वीस टक्के म्हणजे अठरा हजार आणि त्यावर चार टक्के उपकर सातशे वीस. एकूण अठरा हजार सातशे वीस. मी संगणकावर ताळा पाहिला. एका रुपयाचा फरक नव्हता.

धंद्याचे उत्पन्न नसलेल्या ज्येष्ठांना आगाऊ कराचे हप्ते भरावे लागत नाहीत. त्यामुळे ही सगळी रक्कम 31 जुलैपूर्वी एकदम भरायची होती.

पहिला चेक

पूर्वी बँकेत चलन मिळायचे, ते हाताने भरून चेक जोडला की काम झाले. आता चेकने भरायचे तरी आधी आयकर खात्याच्या संकेतस्थळावर जाऊन चलन तयार करावे लागते. त्याला एक क्रमांक मिळतो आणि तो पंधरा दिवसच चालतो. ते काम मी केले. बाबांचे बचत खाते एका जुन्या बँकेत, आणि कर स्वीकारणारी बँक दुसरी. सोमवारी 17 तारखेला आम्ही छत्री घेऊन त्या दुसऱ्या बँकेत गेलो.

काउंटरवरच्या मुलाने चेक उजेडात धरला आणि म्हणाला, "आजोबा, हा चालणार नाही. खाडाखोड आहे."

अक्षरी रक्कम लिहिताना बाबांचा एक शब्द चुकला होता. त्यांनी तो नीट एका रेघेने खोडला, वर बरोबर शब्द लिहिला आणि जुन्या रिवाजाप्रमाणे शेजारी सही केली होती. चाळीस वर्षे असेच चालत आले होते. पण 2010 पासून नियम बदलला. आता चेक स्वतः एका बँकेतून दुसऱ्या बँकेत जात नाही, त्याचा फोटो जातो. म्हणून तारखेखेरीज कशातही दुरुस्ती केलेला चेक या पद्धतीत घेत नाहीत, मग शेजारी कितीही सह्या करा. नवा चेक लिहायचा.

बाबा काही बोलले नाहीत. चेकवर दोन तिरक्या रेघा मारून त्यांनी तो फाईलमध्ये ठेवला. शाळेत मुलांची चुकलेली गणिते तपासताना मारायचे तशाच रेघा.

दुसरा चेक

दुसरा चेक लिहायला त्यांनी अर्धा तास घेतला. आधीच्या हिवाळ्यापासून त्यांचा उजवा हात थरथरू लागला होता. चहाचा कप बशीत वाजायचा, म्हणून बायकोने न बोलता त्यांना पेल्यातून चहा द्यायला सुरुवात केली होती. लिहिण्याचे काय होत असेल, हे मात्र माझ्या डोक्यात आले नव्हते. या वेळी खाडाखोड नव्हती. मंगळवारी चेक घेतला गेला, पोचपावती मिळाली. आम्ही येताना खडेबाजारातून गरम भजी बांधून आणली.

गुरुवारी चेक परत आला. कारण एका ओळीचे होते: सही जुळत नाही.

बाबांनी तो कागद दोनदा वाचला. "चाळीस वर्षांत माझा चेक परत आलेला नाही," एवढेच म्हणाले आणि आत जाऊन पलंगावर बसले. संध्याकाळी मला हळूच म्हणाले, "तुझ्या आत्याला सांगू नकोस." आपल्याकडे 'चेक बाउन्स' हा शब्दच असा झाला आहे की चोरी पकडल्यासारखे वाटते.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच त्यांच्या जुन्या बँकेत गेलो. तिथल्या मॅडमनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. "सही म्याच आगूदिल्ल री सर," त्या म्हणाल्या. डावीकडे खाते उघडतानाची, 1996 सालची सही. पूर्ण नाव, आडनावाच्या शेवटच्या अक्षरातून निघालेली लांब रेघ, तिच्याखाली दोन टिंबे. माझ्या प्रगतिपुस्तकावर, लग्नाच्या याद्यांवर, घराच्या कागदांवर तीच सही. उजवीकडे मंगळवारच्या चेकचा फोटो. अक्षरे एकमेकांवर चढलेली, रेघ खाली घसरलेली, टिंबांचा पत्ता नाही. मला कुणी न सांगता दाखवले असते तर ही दोन वेगळ्या माणसांची सही आहे, असे मीही म्हटले असते.

मॅडमनी उपाय सांगितला. "हेब्बेट्टु हाकबहुदु." अंगठा लावता येईल. त्यात त्यांचे काही चुकले नाही. रिझर्व्ह बँकेचा तसा नियमच आहे. वृद्ध किंवा आजारी खातेदाराला सही जमत नसेल तर त्याचा अंगठा घेता येतो. बँकेला माहीत असलेले दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात आणि त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. नियम माणुसकीचा आहे. अनेक घरांना त्याने आधार दिला आहे.

पण हे बाबांना सांगायचे कसे, हा माझा प्रश्न होता. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

कंदिलाखालचे वर्ग

2 ऑक्टोबर 1978 रोजी देशभर राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. बाबा तेव्हा सदतीस वर्षांचे होते. खानापूर तालुक्यातल्या एका वाडीवर त्यांनी रात्रीचा वर्ग धरला. तिथे तेव्हा वीज नव्हती. प्रभाकर कंदील मधोमध टांगायचा आणि भोवती तीस-पस्तीस माणसे. निम्मी मराठी बोलणारी, निम्मी कानडी. बाबा दोन्ही पाट्या लिहायचे. पहिला धडा बाराखडीचा नसायचा, स्वतःच्या नावाचा असायचा. आधी सही, मग अक्षरे. ते म्हणत, सावकाराच्या वहीवर, रेशनच्या रजिस्टरवर, तलाठ्यापुढे माणूस अंगठा पुढे करतो तेव्हा त्याची मान खाली जाते. सही करतो तेव्हा जात नाही.

दुभाषी घरांतल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. कानडीत अडाण्याला 'हेब्बेट्टु' म्हणून हिणवतात, मराठीत 'अंगठाबहाद्दर'. दोन्ही भाषांनी अपमानासाठी बोट मात्र एकच निवडले आहे.

रात्री जेवताना मी शक्य तितक्या सहजपणे अंगठ्याचे सांगितले. बाबांनी घास खाली ठेवला. रागावले नाहीत. "शंभराच्या वर माणसांचा अंगठा मी पुसला," ते म्हणाले. "आता मीच लावू म्हणतोस?" आणि हात धुवायला उठले. ताटात अर्धी भाकरी तशीच राहिली.

तारखेचा प्रश्न

शनिवारी मी आमच्या ओळखीच्या कर सल्लागारांना घरी बोलावले. बाबांच्या मनात दोन भित्या होत्या. पहिली, आपल्यावर खटला होईल का? सल्लागार हसले. परत आलेल्या चेकचा गुन्हा लगेच होत नाही. चेक परत आल्याचे कळल्यापासून तीस दिवसांत ज्याला पैसे मिळायचे त्याने नोटीस द्यायची असते, आणि ती मिळाल्यावर पंधरा दिवसांत पैसे दिले नाहीत तरच पुढची पायरी. "तुम्ही तर द्यायला निघालाच आहात, गुरुजी."

दुसरी भीती खरी होती. मंगळवारी चेक दिला, ती तारीख धरतील का? नाही. वटलेल्या चेकची तारीख तो दिल्या दिवसाची धरतात, पण परत आलेला चेक दिलाच नाही असे होते. 31 जुलै उलटली तर महिन्याला, किंवा महिन्याच्या भागाला, एक टक्का व्याज आणि उशिराच्या विवरणपत्राचे शुल्क वेगळे. हाती नऊ दिवस उरले होते. त्यात एक मोहरमची सुटी, तीन रविवार-शनिवारच्या सुट्ट्या.

बोलता बोलता सल्लागारांनी एक गोष्ट सांगितली आणि बाबा उठून बसले. वटलेल्या चेकची तारीख दिल्या दिवसाची, हे सर्वोच्च न्यायालयाने 1954 साली ज्या खटल्यात सांगितले तो खटला आपल्या ओगल्यांच्या काच कारखान्याचा. कारखाना कऱ्हाडजवळ ओगलेवाडीला, तेव्हाच्या औंध संस्थानात. गिऱ्हाईक दिल्लीचे, भारत सरकार. माल कंदिलांचा. सरकारने चेक टपालाने पाठवले. कंपनीचे म्हणणे होते की पैसे आम्हाला संस्थानात मिळाले, म्हणून ब्रिटिश हिंदुस्थानचा कर त्यावर नाही. न्यायालयाने म्हटले, चेक पाठवा असे तुम्हीच कळवले होते, तेव्हा टपालखाते तुमचा माणूस ठरते. चेक दिल्लीत टपालात पडला तिथेच तुम्हाला मिळाला, आणि तो पुढे वटला, म्हणून पैसे दिल्याची तारीखही चेक दिल्याचीच. कंपनी हरली, पण चेकच्या तारखेचा कायदा पक्का झाला.

"म्हणजे प्रभाकर कंदिलाचे ओगले?" बाबांनी विचारले. त्या आठवड्यात ते पहिल्यांदाच हसले.

मी करणार होतो ती चूक

त्या रात्री सगळे झोपल्यावर मी संगणक उघडला. करदात्याचा कर दुसऱ्याच्या खात्यातूनही भरता येतो. माझ्या खात्यात पैसे होते. बाबांच्या नावाचे नवे चलन तयार केले, रक्कम घातली. पाच मिनिटांचे काम. सकाळी सांगायचे, "बाबा, झालं." त्यांची कटकट संपली, माझीही. खरे सांगायचे तर माझी जास्त.

बायको पाणी प्यायला उठली होती. तिचे माहेर धारवाड. ती माझ्या मागे येऊन उभी राहिली, पडद्यावरचे बाबांचे नाव वाचले आणि एकच विचारले, "मावार्न केळीरेनु?"

नाही, मामंजींना विचारले नव्हते. मी गप्प बसलो. ती म्हणाली, "पैसे भरायचा प्रश्न असता तर त्यांनी पहिल्याच दिवशी तुम्हाला सांगितलं असतं." मी संगणक बंद केला. म्हातारपणी आपण आईवडिलांच्या हातातून एकेक गोष्ट काढून घेतो. बाजाराची पिशवी, स्कूटरची किल्ली, मग पासबुक. प्रत्येक वेळी कारण त्यांच्या सोयीचे असते आणि घाई आपली असते.

तिसरा चेक

सोमवारी 24 तारखेला मी बाबांना घेऊन जुन्या बँकेत गेलो. मॅडमना त्यांनी स्वतःच कानडीत सांगितले, अंगठा का नको ते. वाडीवरच्या वर्गाचे सांगितले. मॅडमनी ऐकून घेतले. मागे रांग होती, तरी त्यांनी बाबांना आत खुर्चीवर बसवले, कोरा कागद दिला आणि म्हणाल्या, "निधानक माड्री, अवसर इल्ल."

कानडीत 'अवसर' म्हणजे घाई आणि मराठीत 'अवसर' म्हणजे संधी. दोन भाषांत वाढलेल्या माणसाला अशा वेळी दोन्ही अर्थ ऐकू येतात.

त्यांची सूचना साधी होती. जुन्या सहीशी झुंजू नका. आज जी सही पाच वेळा सारखी येते ती नमुना म्हणून नोंदवा. बाबांनी पूर्ण नाव करून पाहिले. पाच सह्या, पाच तऱ्हा. मग नाव गाळून नुसते आडनाव. तिसऱ्या ओळीपासून अक्षर बसू लागले. लांब रेघ सोडली, टिंबे सोडली. ओळखपत्रे, फोटो, नव्या सहीचा अर्ज हे सगळे तिथेच झाले. नोंद व्हायला दोन दिवस लागतील असे कळले.

ते दोन दिवस बाबा नातीच्या दुरेघी वहीत आडनाव गिरवत होते. लहानपणी तिला त्यांनी याच टेबलावर शुद्धलेखन घातले होते. आता ती शेजारी बसून पाहायची. "आजोबा, शेवटचं अक्षर ओळीच्या खाली जातंय," असे सांगायची. ते मान डोलावून पुढची ओळ धरायचे.

गुरुवारी 27 तारखेला तिसरा चेक दिला. शुक्रवारी दुपारी मोबाइलवर निरोप आला, चेक वटला. मग चलनाची पावती छापून आणली. बँकेच्या शाखेचा सात आकडी क्रमांक, तारीख, चलनाचा क्रमांक. बाबांनी आधी तारीख पाहिली. 27 जुलै होती, चेक दिला त्या दिवसाची. "ओगल्यांची कृपा," म्हणाले आणि पावती फाईलला लावली.

तुमच्या घरासाठी चार गोष्टी

या प्रकरणातून आम्ही जे शिकलो ते सांगून ठेवतो. घरात सत्तरीपुढचे कुणी असेल तर त्यांची आजची सही आणि बँकेतली सही एकदा शेजारी ठेवून पाहा. फरक पडू लागला असेल तर हात चालतो आहे तोवरच नवा नमुना नोंदवा. चेक परत येण्याची वाट पाहू नका. नवी सही छोटी ठेवा.

खाते दोघांच्या नावे आणि 'दोघांपैकी कोणीही' अशा पद्धतीचे केले तर अडीअडचणीला दुसऱ्याची सही चालते. मात्र ते म्हाताऱ्या माणसाला विचारून, समजावून करा.

सत्तर वर्षांवरच्यांना घरपोच सेवा द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने 2017 सालीच बँकांना सांगितले आहे. आपल्या शाखेत काय मिळते ते विचारा. अंगठ्याचा नियमही लक्षात ठेवा. सही खरोखरच थांबली की त्याचा आधार आहे आणि त्यात कमीपणा काही नाही.

कराचा चेक शेवटच्या आठवड्यावर टाकू नका. कुणाच्या नावे लिहायचा ते आधी काउंटरवर विचारा, खाडाखोड झाली तर सरळ नवा चेक घ्या, आणि चेक वटल्याची खात्री करूनच विवरणपत्र भरा. 4 ऑक्टोबर 2025 पासून चेक दिवसभर जातील तसे पुढे पाठवले जातात, त्यामुळे वटला की नाही हे आता बहुधा त्याच दिवशी कळते. आमच्या वेळी दोन दिवस जीव टांगणीला होता.

आणि नंतर

पुढच्या वर्षी, 2024 च्या जुलैत, बाबांनी पुन्हा फाईल काढली. पुन्हा बेरीज मांडली. त्या वर्षापासून नवी करपद्धत मूळ धरली जाणार होती आणि तिच्यात सात लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सूट मिळून कर शून्य होत होता. पुढे 2025-26 च्या वर्षापासून ती मर्यादा बारा लाखांवर गेली. बाबांचे उत्पन्न सहा लाख चाळीस हजार. मी म्हटले, "बाबा, या वर्षी काही भरायचं नाही."

त्यांनी दोनदा विचारले. मग थोडा वेळ खिडकीबाहेर पाऊस पाहत बसले. "म्हणजे तो तिसरा चेक शेवटचा," म्हणाले. आनंद झाला की वाईट वाटले ते मला कळले नाही. मी विचारलेही नाही.

विवरणपत्र आम्ही अजूनही दरवर्षी भरतो. कर शून्य असला तरी बाबा कागद छापून मागतात, खालच्या बाजूला आडनाव लिहितात आणि फाईलला लावतात. त्या कागदावर सहीची गरज नसते, हे मी त्यांना सांगितलेले नाही.